घरच्या घरी आईस्ड एस्प्रेसो : कोकम लाटे फाटला, आता पुढे काय?

खाडीकाठ · १० मे, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते पण काल घरात जे झालं त्यानंतर धागा काढणं भागच आहे.

दादा-वहिनी पुण्याहून सुट्टीला आलेत. वहिनीला संध्याकाळी कॅफेतली ती उंच ग्लासातली, बर्फ घातलेली, हेझलनट का कसल्याशा वासाची कॉफी लागते आणि इथे रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला आम्ही ती रोज कुठून आणणार. मी दोन महिन्यांपूर्वी तीन कपांचा मोका पॉट (शेगडीवर कॉफी काढायचं भांडं) घेतलाय, म्हटलं करू की घरी, आणि हेझलनट कशाला, फ्रीजमध्ये आईच्या हातचं अमृत कोकम आहे, कोकम लाटे करूया. ग्लासात बर्फ, दोन चमचे कोकम, वर थंडगार दूध, दिसायला काय गुलाबी दिसत होतं, फोटोसुद्धा काढला, मग वरून मोकातली कॉफी ओतली, चमच्याने एकदा ढवळलं आणि बघता बघता दुधाने कणी धरली. अजून ढवळलं तर अजून कणी. आई मागे उभी होती, म्हणाली, "पनीर करत्येस का गं?" वहिनी स्वभावाने चांगली, तिने एक घोट घेतला, "छान आहे वेगळं काहीतरी" म्हणाली आणि थोड्या वेळाने ग्लास हळूच माडाच्या आळ्यात रिकामा केला. मी खिडकीतून बघितलं.

तर प्रश्न असे की कोकम आणि कॉफीचं जमवायचं कसं, की नादच सोडायचा? दुसरं, कोकम न घालता केली तरी माझी कॉफी पाणचट होते, पहिला घोट बरा आणि पाच मिनिटांत काळं पाणी. आणि साखर काही केल्या विरघळत नाही, शेवटच्या घोटाला सगळी एकदम तोंडात. बाजारातली फ्लेवर सिरपं बघितली, एवढे पैसे देववत नाहीत.

---

मोकाभक्त · १० मे, सकाळी १०:१५

आधी एक खुलासा, मोकातून निघते ती काटेकोरपणे एस्प्रेसो नव्हे. एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने पावडरीतून गरम पाणी काढून केलेल्या कडक कॉफीला, साधारण ९ बार दाब लागतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेचा दाब) आणि मोकात जेमतेम दीड-दोन बार होतो. बियालेट्टीने १९३३ साली इटलीत हे भांडं काढलं ते घरोघरच्या शेगडीवर त्यातल्या त्यात कडक कॉफी व्हावी म्हणूनच. पण बर्फ आणि दूध घालायचं असेल तर मोकाची कॉफी पुरून उरते, तेव्हा मशीनच्या नादी लागू नका.

पाणचटपणाचं अर्धं कारण मोकात असणार. तुम्ही खाली गार पाणी घालून मंद गॅसवर ठेवून देता का? तसं केलं की भांडं तापेपर्यंत वरची कॉफी उगाच भाजत राहते, कडवट होते, आणि कडू लागते म्हणून आपण पावडर कमी घालतो आणि मग पाणचट. माझी रीत सांगतो. पाणी आधी उकळून घ्यायचं, खालच्या भांड्यात बाजूच्या सेफ्टी व्हॉल्वच्या खालपर्यंतच भरायचं, व्हॉल्व बुडवायचा नाही. फडक्यात धरून पॉट घट्ट फिरवायचा, नाहीतर हात भाजतो (भाजलाय). पावडर गाळणीत काठोकाठ भरायची पण दाबायची नाही, बोटाने नुसती सपाट करायची. मध्यम आच, झाकण उघडं ठेवून बघत उभं राहायचं, आधी काळी जाड धार येते, मग ती मधासारखी पिवळट होते आणि फुसफुस आवाज सुरू होतो, त्या क्षणी उतरवायचा आणि बूड नळाखाली धरायचं. त्या फुसफुशीनंतर जे येतं ते नुसतं कडू पाणी. तीन कपांच्या पॉटला १५-१७ ग्रॅम कॉफी लागते, काटा नसेल तर गाळणी भरली की झालं.

आणि हो, आपल्या शेगडीच्या जाळीवर हा छोटा पॉट बसत नाही, कलंडतो. वर ठेवायची छोटी जाळी मिळते ती घ्या.

---

नाकमुरडे · १० मे, सकाळी ११:०२

कशाला हे सगळे सोपस्कार? इन्स्टंट पावडर, साखर, दोन चमचे पाणी बाटलीत घालून खळखळून हलवायचं, फेस आला की बर्फ, पाणी, दूध. ग्रीसमध्ये अख्खा देश हेच फ्रापे म्हणून पितो, १९५७ साली थेसालोनिकीच्या जत्रेत एका नेसकॅफेच्या माणसाला गरम पाणी मिळालं नाही म्हणून त्याने गार पाण्यात हलवली आणि झालं फ्रापे. ना मोका ना फुसफुस.

---

मोकाभक्त · १० मे, सकाळी ११:१०

जत्रा नव्हे हो, व्यापारी प्रदर्शन होतं ते. आणि फ्रापे चांगलंच लागतं, पण त्यात कोकमाचा प्रश्न सुटत नाही.

---

निवृत्त_मास्तर · १० मे, दुपारी १२:३०

मी गुहागरला असतो, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, कॉफीतलं फार कळत नाही पण बर्फाचं कळतं म्हणून लिहितो.

१ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तुमची कॉफी मोकातून निघते ती ८० अंशांच्या आसपास असेल असं धरू. म्हणजे ४० मिली कॉफी शून्यावर आणायला ४० ग्रॅम बर्फ वितळणार, म्हणजेच कॉफीएवढंच पाणी तुम्ही तिच्यात स्वतः घालता. आमच्या ट्रेमधला एक खडा काट्यावर घालून बघितला, २० ग्रॅम भरला. म्हणजे दोन खडे तिथल्या तिथे गायब. (फ्रीझरमधला बर्फ शून्याच्याही खाली असतो त्यामुळे थोडा कमी वितळेल, पण अंदाज चुकत नाही.)

आता तीच कॉफी आधी वाटीत काढून ती वाटी गार पाण्याच्या परातीत दोन-तीन मिनिटं ठेवा, ३० अंशांवर येईल. मग किती बर्फ वितळेल? ४० गुणिले ३० भागिले ८०, पंधरा ग्रॅम. सगळा पाणचटपणा निम्म्याहून खाली. आणि साखर त्या परातीत ठेवायच्या आधी, कॉफी गरम असतानाच घाला म्हणजे तळाला बसण्याचा प्रश्नच नाही. गार झाल्यावर साखर घालणं म्हणजे वर्ग सुटल्यावर हजेरी घेणं.

---

खाडीकाठ · १० मे, दुपारी १२:५५

मास्तर, त्रिवार दंडवत! हे मला कॅफेवाल्यानेसुद्धा सांगितलं नसतं. आजच परातीत ठेवते.

---

गजालवाली · १० मे, दुपारी २:२०

गे बाय, माका वाचून हसूक इला. कोकमात दूध कित्याक घातलंस? आमी सोलकढी काय दुधाची करतंव?

बाकीच्यांसाठी साध्या भाषेत लिहिते. कोकम जबरदस्त आंबट, आणि दुधाला आंबट चालत नाही, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट) साडेचारच्या आसपास आला की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं, त्यालाच आपण फाटणं म्हणतो. कॉफी पण थोडी आंबटच असते पण तेवढी नाही, म्हणून नुसती कॉफी दुधात चालते आणि कोकम पडलं की खेळ खलास. तेव्हा कोकम हवं तर दूध विसरायचं. सोडा घ्यायचा.

आमच्याकडे मालवणात मी अशी करते. उंच ग्लास, भरपूर बर्फ, त्यात दोन चमचे अमृत कोकम, वर गार सोडा ग्लासाच्या पाऊण पर्यंत, आणि गार केलेली कॉफी अगदी शेवटी, चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून हळूहळू. घाई केली की सोड्यातला गॅस एकदम सुटतो आणि फेस ओट्यावर. नीट जमली तर खाली जांभळं, मध्ये लाल, वर काळपट अशी थर धरून बसते आणि चव म्हणजे... कॉफीचा कडूपणा आणि कोकमाचा आंबटपणा भांडत नाहीत गे, आधी आंबट येतो आणि गिळल्यावर कॉफी मागून येते. अजून एक, अमृत कोकम गोड असतं, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) खारं. कधी गोडाचा कंटाळा आला तर साखर कॉफीत घालायची आणि आगळाचे पाच-सहाच थेंब सोड्यात. मिठाने कॉफीचा कडूपणा दबतो, करून बघ. पण आगळ चमच्याने घातलंस तर माका शिव्या देव नको.

---

पुण्यात_अडकलेला · १० मे, दुपारी ३:४५

देवगडचा आहे, पुण्यात नोकरी. माझं व्हर्जन ऐका आणि मारू नका. ग्लासात खाली तीन चमचे आमरस, त्यावर बर्फ, त्यावर थंड दूध, वर मोकाची कॉफी. मँगो एस्प्रेसो. ऑफिसमधल्या लोकांनी डोक्यावर घेतलं.

---

नाकमुरडे · १० मे, दुपारी ३:५२

हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते कॉफीत बुडवायला?

---

दापोलीची_काकू · १० मे, दुपारी ४:१०

अरे देवगडच्या पोरा, पेटी कितीला झाल्ये बघितलंस का. आमच्याकडे डागी आंबे निघतात त्याचा रस करून घाल हवं तर, चांगला फळ असा नको घालवू.

---

पुण्यात_अडकलेला · १० मे, दुपारी ४:१४

काकू पायरीचा घालतो, हापूस फक्त लिहायला :)

पण खरं सांगायचं तर आमरसाला वेलची आणि साखर काही घालू नये, रस आधी चांगला गार करावा आणि कॉफी कमी, एकच छोटा शॉट, नाहीतर आंबा पार मरतो.

---

दापोलीची_काकू · १० मे, संध्याकाळी ५:३०

आता मूळ प्रश्नाकडे, फ्लेवर. तुम्ही सगळे हेझलनट न् कॅरमल करताय, आपल्याकडे कॉफीचा फ्लेवर ठरलेला आहे आणि तो आजीच्या आजीपासून आहे, जायफळ! आमच्या घरी पाहुणा आला की चहा का कॉफी विचारायचे आणि कॉफी म्हटली की आधी जायफळ उगाळल्याचा आवाज यायचा सहाणेवर. मग ते थंड कॉफीत का नको?

आमच्या वाडीत माडा-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या जातीची, कोकण सुगंधा. फळ फुटलं की आत ती लाल जायपत्री असते ना, बघत राहावं असं असतं. वरच्या टरफलाचं आम्ही लोणचं घालतो, काही फुकट जात नाही.

सिरप असं. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, पाक नको, तार नको. गॅस बंद करायचा आणि मगच पाव जायफळ किसून घालायचं, वर झाकण. उकळत्यात घातलं तर वास घरभर आणि सिरपात काही नाही. गार झालं की मलमलच्या फडक्यातून गाळायचं नाहीतर दाताखाली वाळूसारखं येतं. कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये, दोनास एक साखर असली की बरेच दिवस टिकतं, एकास एक केलं तर आपल्या हवेत लवकर बुरशी धरते. एका ग्लासाला दोन चमचे. जास्त घालू नका, जायफळ जास्त झालं की झोप येते, कॉफी प्यायची आणि घोरत पडायचं असं होईल.

---

खाडीकाठ · १० मे, संध्याकाळी ६:०५

काकू हे कसं सुचलं नाही मला!! बाबा आजही जायफळाशिवाय कॉफी पीत नाहीत, तेही उकळलेल्या दुधाची, साय काढून. उद्याच करते. गुळाचं सिरप चालेल का? आई साखरेवर नाराज असते.

---

दापोलीची_काकू · १० मे, संध्याकाळी ६:४०

चालेल, पण गूळ गरम दुधात घातला तर फाटतं हे तुला माहीतच असेल, गुळाच्या चहाचं सगळ्यांचं एकदा झालेलं असतं. तुझं दूध थंडच आहे त्यामुळे चालतं. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घे, त्यात काय काय निघतं ते बघशील. काकवी मिळाली तर काहीच करायला नको, गरम कॉफीत दोन चमचे काकवी, ढवळ, गार कर, मग बर्फ आणि दूध. रंग असा काही येतो, तांब्याच्या हंड्यासारखा.

---

समुद्राला_लागून · १० मे, रात्री ९:२०

मी धाग्यातला एकमेव मशीनवाला दिसतोय, वेंगुर्ल्याजवळ असतो, तर माझी कर्मकहाणी ऐका म्हणजे मशीन घ्यायची इच्छा होणार नाही. दोन वर्षांपूर्वी एक घरगुती एस्प्रेसो मशीन मागवलं, खोक्यावर मोठ्या अक्षरात १५ बार. नंतर कळलं की कॉफीवर ९च्या आसपास दाब हवा, १५ हा आकडा नुसता पंपाचा. असो. सुरुवातीला काय कॉफी यायची, १८ ग्रॅम पावडर घालायचो, २५ ते ३० सेकंदात ३६ ग्रॅम कॉफी, वर क्रेमा म्हणजे तो सोनेरी फेस, बायको पण खूश. मग आमच्या विहिरीचं पाणी. उन्हाळ्यात ती मचूळ होते. मी तेच टाकीत घालत राहिलो, चार महिन्यांत आत क्षार, धारेऐवजी ठिबक. त्यात रबरी गॅस्केट गेलं. कंपनीला फोन केला तर म्हणाले मशीन मुंबईला पाठवा, पाठवलं, दीड महिन्याने परत आलं ते तसंच आणि वर बिल. शेवटी गॅस्केट ऑनलाईन मागवून मीच बसवलं, स्क्रू-ड्रायव्हर आणि तासभर शिव्या. क्षारासाठी सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवलं, एका फेरीत चहासारखं पाणी बाहेर आलं. आता फिल्टरचंच पाणी घालतो आणि लाईटचा व्होल्टेज बघून स्टॅबिलायझरपण लावलाय.

सांगायचं काय तर वेंगुर्ल्यात राहून काजू न वापरणं पाप आहे. हेझलनट मागणाऱ्यांनी काजूचं दूध करून बघा. मूठभर काजूगर चार तास भिजवून, चौपट पाण्यात मिक्सरला अगदी गुळगुळीत वाटायचे, गाळायचीही गरज पडत नाही. तुकडा काजू घ्या, अख्खा घालवू नका, चव तीच. ओल्या काजूचं अजून गोड लागतं पण ते उसळीतून उरले तर. काकूंचं जायफळ सिरप ह्यात काय जाईल!

---

गजालवाली · १० मे, रात्री ९:५५

दुधावरून आठवलं, नारळाच्या रसाची कॉफी कोणी करणार असेल तर माझा अनुभव ऐका. मस्त जाड रस काढला, फ्रीजमध्ये ठेवला, दुपारी काढून बर्फ घालून कॉफी ओतली तर ग्लासात पांढरे पांढरे कण, मेणासारखे, ओठाला चिकटणारे. मला वाटलं रस खराब झाला. तसं नाही. खोबरेल थंडीत कसं गोठतं, २४ अंशांखाली, तसंच रसातलं तेल गोठतं. आता जाड रस घेत नाही, दुसऱ्यांदा पिळलेला पातळ रस घेते, आणि फ्रीजमध्ये न ठेवता ताजा, कॉफीबरोबर मिक्सरमध्ये एक वळसा देऊन लगेच प्यायचा. ह्यात काकवी भारी लागते.

पण त्याहून सोपं, शहाळं. अख्खं शहाळं फ्रीजमध्ये ठेवा, पाणी ग्लासात, त्यात गार कॉफी. साखर नको, काही नको. बर्फ पण शहाळ्याच्या पाण्याचाच करून ठेवला तर वितळला तरी काय बिघडत नाही.

---

मोकाभक्त · ११ मे, सकाळी ८:१०

शहाळं + कॉफी आज सकाळी केलं. बायकोला सांगितलं नाही काय आहे, तिने विचारलं "ह्यात खोबरं कुठून आलं". अप्रतिम. अडसर, म्हणजे जून होत आलेलं शहाळं घेऊ नका, कोवळं घ्या, नाहीतर पाणी आंबूस लागतं.

---

नाकमुरडे · ११ मे, सकाळी ८:४५

आता कबुली देतो. काल रात्री तुमचं वाचून मोका नाही म्हणून स्टीलच्या मद्राशी फिल्टरमध्ये काळी कॉफी काढली (थेंब थेंब), आणि इटलीवाले शेकराटो की काय करतात तसं बर्फ-साखर घालून बाटलीत हलवायला गेलो. उतावळेपणा, कॉफी कढत होती. दोन वेळा हलवली आणि झाकण उडालं. छतापासून देवाच्या फोटोपर्यंत कॉफी. मास्तर, ह्याचंही गणित सांगा.

---

निवृत्त_मास्तर · ११ मे, सकाळी ९:३०

बंद बाटलीतली हवा कढत कॉफी हलवताना एकदम तापते, प्रसरण पावते, वर वाफेचा दाब. झाकण हाच व्हॉल्व झाला. गार करून हलवा. भाजलं नाही ना कुठे?

---

नाकमुरडे · ११ मे, सकाळी ९:३४

अहंकाराला फक्त. पण ती फिल्टरची कॉफी खरंच जाड येते, मोका नसणाऱ्यांनी ही वाट धरावी. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड) नसलेली पावडर घ्या, चिकोरीवाली बर्फात घातली की काढ्यासारखी लागते, निदान मला.

---

खाडीकाठ · ११ मे, दुपारी १:१५

पावडरीवरून प्रश्न. माझी पावडर पाकीट फोडल्यावर आठवड्यातच गोळे धरते, आणि वास जातो. अजून पाऊस यायचाय तर ही गत.

---

समुद्राला_लागून · ११ मे, दुपारी २:००

किनाऱ्यावरच्या माणसाने पावडर विकत घेऊच नये, अख्खे दाणे घ्यायचे, छोटं पाकीट, हाताची चक्की आणि लागेल तेवढंच दळायचं. पाकिटावर दाणे कधी भाजले ती तारीख बघा. डबा घट्ट झाकणाचा, गॅसपासून लांब. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर काढून लगेच उघडू नका, गार दाण्यांवर आपल्या हवेतला दमटपणा लगेच पाणी होऊन बसतो.

---

पुण्यात_अडकलेला · ११ मे, दुपारी २:२५

पण मॉन्सून्ड मलबार म्हणतात ती कॉफी तर मुद्दाम पावसाळी हवेत ठेवतात ना? मग खाडीकाठ ताईंची पावडर आपोआप मलबार झाली असेल :)

---

समुद्राला_लागून · ११ मे, दुपारी २:४०

ते कच्चे, न भाजलेले दाणे असतात राजा. पूर्वी शिडाच्या जहाजातून युरोपला जाताना महिनोन्महिने समुद्राची हवा खाऊन दाणे फुगायचे, पिवळट पडायचे आणि त्यांचा आंबटपणा जायचा, तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. नंतर बोटी जलद झाल्या, दाणे हिरवेच पोचायला लागले, म्हणून मग आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरच्या बाजूला, गोदामात पावसाळी वाऱ्यावर पसरून मुद्दाम तसे करायला लागले. पण मुद्दा चांगला काढलास, कारण आंबटपणा कमी म्हणून ती थंड दुधाच्या कॉफीला खरंच चांगली, दूध नाजूक वाटलं तर हीच वापरा. भाजलेली पावडर मात्र पावसात ठेवलीस तर नुसता भुसा.

---

दापोलीची_काकू · ११ मे, संध्याकाळी ७:१०

मशीन की मोका ह्यावर माझं मत विचाराल तर मोका. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्याकडे माड आडवे, पत्रे उडालेले आणि लाईट किती दिवस नव्हती ते आता मोजतही नाही, महिना होत आला होता. लेकाने मुंबईहून आणलेला हा पॉट होता घरात, सिलिंडर संपल्यावर मी तो चुलीवर ठेवलाय. बाहेरून काळाकुट्ट झाला, अजून तसाच आहे, पण सकाळची कॉफी चुकली नाही. बर्फ तेवढा नव्हता, पण तेव्हा थंड कॉफी सुचलीही नसती म्हणा.

---

खाडीकाठ · १२ मे, रात्री १०:२०

अहवाल देते, दोन दिवसांत सगळं करून झालं.

गजालवाली ताईंची कोकम-सोडा-कॉफी पहिल्यांदा ओट्यावर गेली कारण मी घाई केली. दुसऱ्यांदा चमच्याच्या पाठीवरून ओतली, तीन थर दिसले, आईने चष्मा लावून बघितले. वहिनीने पूर्ण ग्लास संपवला आणि ह्या वेळी मी खिडकीत उभीच होते. आगळाचं धाडस केलं नाही.

परातीचा उपाय शंभर टक्के. मोका नळाखाली धरला, वाटी परातीत, साखर गरम असताना, तिथेच अर्धी लढाई जिंकले.

जायफळाचं सिरप म्हणजे काकू तुम्हाला साडी नेसवायला हवी. काजूच्या दुधात घातलं. पहिल्या घोटाला मला एकदम लहानपणीची संध्याकाळ आठवली, सहाण, बाबांचा स्टीलचा कप आणि बाहेर खाडीला भरती, फक्त इथे बर्फ वाजत होता. फाजील भावुक होतेय, असो. बाबांना ग्लास दिला. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, मान डोलावली, म्हणाले, "उत्तम झाल्ये. आता जरा गरम करून आण."

गुळाचं गाळताना खरंच काय काय निघालं, न लिहिलेलं बरं.

फसलेलं एकच, मी आपलं डोकं चालवून करवंदाचा रस काढून दुधाच्या कॉफीत घातला. तेच. पनीर. इतकं होऊनही मी शिकले नाही.

---

नाकमुरडे · १२ मे, रात्री १०:३१

आता सोड्यात घालून बघा करवंद. मी झाकण घट्ट धरून बसलोय.

---

गजालवाली · १३ मे, सकाळी ७:५०

मगे? वहिनी काय म्हणता?

---

खाडीकाठ · १३ मे, सकाळी ११:२५

वहिनी आज पहाटे पुण्याला गेली. जायफळ सिरपची बाटली तिला मीच दिली होती. आत्ता कॉफी करायला गेले तर मोका पॉट जागेवर नाही, आई म्हणते "मी दिला, एवढं आवडलं तिला तर."

स्टीलचा फिल्टर माळ्यावर आहे. काढते.